कातडी चुगली करते

२०२० च्या ऑगस्टमधली गोष्ट. लॉकडाऊनमुळे मी हॉस्टेल सोडून डोंबिवलीला घरी आले होते. एमएस्सीचं शेवटचं सत्र लटकलेलं, आणि गणपतीही त्या वर्षी चार माणसांत उरकला. त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी आली. २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात फलाट आणि लोकल यांच्या मधल्या फटीत सापडून दोन्ही हात गमावलेल्या मुलीला परळच्या एका रुग्णालयात दोन नवे हात बसवले होते. दाता चेन्नईचा, हात खास विमानाने आणलेले.

घरातल्या सगळ्यांनी मला जे विचारलं तेच बहुतेक तुम्हीही विचारलं असतं. किती तास लागले? बोटं हलतील का? रक्तगट जुळला की झालं ना? फक्त काकांनी वेगळं विचारलं. "काय गं, तिला टॅक्रो किती देत असतील?"

काकांना काकूने किडनी दिली, त्याला बरीच वर्षं झाली. टॅक्रो म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून रोज घ्यायची कॅप्सूल. काकांच्या मोबाईलवर सकाळी नऊ आणि रात्री नऊला अलार्म वाजतो आणि काहीही चालू असलं तरी ते उठतात. आरती चालू असली तरी. गणपतीपुढचं पपनससुद्धा ते खात नाहीत. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या भावकीतली ही फळं टॅक्रोलिमस मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि रक्तातलं औषध नको तितकं वाढतं, म्हणून डॉक्टरांची सक्त मनाई आहे.

त्या दिवशी मी काकांना "बघून सांगते" म्हटलं. पुढे माझा पीएचडीचा विषयच त्वचेतल्या टी-पेशी हा झाला, तेव्हा कुठे कळलं की घरात खरा प्रश्न एकट्या काकांनी विचारला होता. हाताच्या प्रत्यारोपणाचा इतिहास हा शिवणकामाचा इतिहास नाही. शिवणं माणसाला फार आधी जमलं होतं.

(या विषयावरचा जवळपास प्रत्येक लेख एक तर गणपतीच्या मस्तकापासून सुरू होतो, नाही तर युरोपातल्या संतांनी बसवलेल्या पायाच्या दंतकथेपासून. मी दोन्ही सोडून देते आहे. जी गोष्ट खरी घडली तीच पुरेशी विलक्षण आहे.)

फ्रान्समधल्या ल्यों शहरात अलेक्सी कॅरेल या तरुण सर्जनने १९०२ मध्ये रक्तवाहिन्या टोकाला टोक लावून शिवायची पद्धत प्रसिद्ध केली. बारीक सुई आणि रेशमी धागा वापरायचं कसब तो एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकला, असं सांगतात. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढचा मोठा टप्पा मे १९६२ मधला, बॉस्टनचा. मालगाडीवर चढायला गेलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा हात खांद्याजवळून तुटला आणि रोनाल्ड माल्ट यांच्या चमूने तो परत जोडला. हाड, धमन्या, शिरा, स्नायू, नंतर मज्जातंतू. तो हात जगला.

म्हणजे १९६२ मध्ये तुटलेला हात पुन्हा जोडता येत होता. अट एकच, हात स्वतःचा हवा.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९६४ मध्ये, इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल शहरात रॉबेर्तो गिल्बर्ट एलिसाल्दे या सर्जनने ती अट मोडून पाहिली. स्फोटात हात गमावलेल्या एका खलाशाला त्यांनी मृत दात्याचा हात बसवला. शिवणकामात खोट नव्हती. रक्त वाहू लागलं, हात गरम राहिला. सोबत त्या काळात होती ती औषधं दिली, अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड. तीन आठवड्यांच्या आत शरीराने हात नाकारला आणि तो कापून टाकावा लागला.

त्यानंतर तब्बल ३४ वर्षं माणसावर हा प्रयोग यशस्वी करून दाखवणारं कुणी निघालं नाही. या ३४ वर्षांत किडनी, यकृत, हृदय, फुप्फुस सगळं बदलता येऊ लागलं. हृदय बदलता येतं आणि हात नाही, हे ऐकायला उलटं वाटतं ना? कारण कातडीत आहे.

थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांची संख्या प्रचंड होती आणि स्वतःची शाबूत कातडी फार थोड्यांकडे उरलेली असे. मग दुसऱ्याची लावली तर? हे तपासायला पीटर मेडावर नावाचा प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगोला गेला. तिथल्या टॉमस गिब्सन या सर्जनबरोबर त्याने एका भाजलेल्या तरुणीवर तिच्या भावाच्या कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले. ते काही दिवस टिकले, मग गळून गेले. दोघांनी पुन्हा त्याच भावाचे तुकडे लावले. या वेळी ते कितीतरी लवकर गेले.

१९४३ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे निरीक्षण मला अजूनही थक्क करतं. दुसऱ्यांदा लवकर जाणं याचा अर्थ शरीराला पहिली वेळ आठवत होती. आठवण हा रोगप्रतिकारक यंत्रणेचा गुण, एकदा कांजिण्या झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत तसा. म्हणजे परकी कातडी गळून पडते ती "मानवली नाही" म्हणून नव्हे. तिच्यावर हल्ला होतो, आणि तो ओळख पटवून होतो.

ओळख कशी पटते? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. आधार कार्डासारखी समजा, फक्त प्रत्येक पेशीने ते गळ्यात अडकवलेलं. टी-पेशी शरीरभर फिरत हे कार्ड तपासत असतात. रक्तगट चारच मुख्य प्रकारांत बसतो, पण एचएलएचे प्रकार इतके आहेत की अनोळखी दोघांचे तंतोतंत जुळणं जवळपास अशक्य. म्हणून रक्तगट जुळणं आवश्यक आहे, पण पुरेसं मुळीच नाही. कार्ड हमखास हुबेहूब सारखं असतं ते एकसारख्या जुळ्यांचं. १९५४ मध्ये जोसेफ मरे यांनी बॉस्टनला पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची होती. आणि २००० साली मलेशियात एका नवजात मुलीला तिच्या मृत जुळ्या बहिणीचा हात लावला, तोही कार्डाचा प्रश्न नसल्यामुळे प्रतिकार दाबणाऱ्या औषधांशिवाय.

आता कातडीबद्दल. कातडी म्हणजे शरीराची सीमा आणि सीमेवर पहारा कडक असतो. लांगरहान्स नावाच्या पेशी कातडीत जाळं पसरून बसलेल्या असतात. काही परकं दिसलं की तुकडा उचलायचा, जवळच्या लसिका ग्रंथीत जायचं आणि टी-पेशींना दाखवायचं, हे त्यांचं काम. कातडीचं प्रत्यारोपण केलं की हे पहारेकरीही सोबत जातात. दात्याचे पहारेकरी रुग्णाच्या ग्रंथीत जाऊन स्वतःचंच परकं कार्ड दाखवतात. चोराने पोलीस चौकीत जाऊन फोटो काढून घ्यावा तसा प्रकार. त्यामुळे प्रत्यारोपणशास्त्रात एक उतरंड ठरून गेली होती. सर्वांत जास्त नाकारली जाणारी गोष्ट कातडी, बाकी सगळे अवयव तिच्या खाली. आणि हात तर कातडीतच गुंडाळलेला.

या उतरंडीला पहिला धक्का १९९१ मध्ये बसला. अँड्र्यू ली आणि सहकाऱ्यांनी उंदरांत कातडी, स्नायू, हाड, रक्तवाहिन्या असे भाग सुटे सुटे लावून पाहिले आणि अख्खा पायही लावून पाहिला. अपेक्षा अशी की कातडी, स्नायू, हाड सगळं एकत्र म्हटल्यावर हल्ला अधिकच जोरात होईल. झालं उलटं. अख्ख्या पायाविरुद्धची प्रतिक्रिया त्याच्या काही सुट्या भागांविरुद्धच्या प्रतिक्रियेपेक्षा सौम्य होती. रक्तपुरवठ्यासकट आलेली कातडी आणि नुसता चिकटवलेला कातडीचा तुकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा लक्षात येऊ लागलं.

दुसरा धक्का मातीतून आला. खरोखरच मातीतून. सँडोझ या स्विस कंपनीची माणसं सुट्टीवर जिथे जातील तिथली माती पिशवीत भरून आणत, नवी प्रतिजैविकं मिळतील या आशेने. नॉर्वेतल्या हार्डांगेरविड्डा पठारावरच्या मातीत एक बुरशी मिळाली. तिच्यातल्या रसायनाने जंतू काही विशेष मरेनात, पण १९७२ च्या सुमारास तिथल्या संशोधकांना आणि जाँ बोरेल यांना दिसलं की ते प्रतिकारशक्ती मात्र दाबतं. तेच सायक्लोस्पोरिन. १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि किडनी, यकृत, हृदय यांची गणितंच बदलली. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडलं. तेच काकांचं टॅक्रो.

ही दोन्ही औषधं काय करतात ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. टी-पेशीने परकं कार्ड ओळखलं की पेशीच्या आत एक निरोप धावतो. कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम तो निरोप केंद्रकापर्यंत पोचवतं आणि पेशी इंटरल्युकिन-२ बनवायला लागते. या इंटरल्युकिनच्या हाकेवर टी-पेशी भराभर वाढतात, एकीच्या हजारो होतात. टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनलाच अडकवून ठेवतं. पहारेकऱ्याने चोर पाहिला, पण फोन लागतच नाही. जुनं अझाथायोप्रिन मात्र वाढणाऱ्या पेशींना सरसकट त्रास देत असे, मग ती टी-पेशी असो वा अस्थिमज्जेतली. १९९५ मध्ये आलेलं मायकोफेनोलेट त्याहून नेमकं, मुख्यतः लिम्फोसाइटच्या वाढीवर घाव घालणारं. हे दोन आणि थोडं स्टिरॉइड अशी तिकडी जुळली. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या गटाने डुकरांच्या पुढच्या पायांवर ती वापरून पाहिली आणि पाय टिकायला लागले.

टॅक्रोलिमसचा एक गुण योगायोगानेच हाताच्या उपयोगी पडला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की त्यामुळे तुटलेले मज्जातंतू जास्त वेगाने वाढतात. एरवी मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला किती महिने लागतील याचा हिशोब तुम्हीच करा. नव्या हातात रक्त पहिल्या दिवशी येतं, स्पर्श यायला वर्ष उलटतं.

लुईव्हिलचे लोक माणसावर शस्त्रक्रिया करायच्या तयारीत असतानाच २३ सप्टेंबर १९९८ ला ल्योंच्या एदुआर एरियो रुग्णालयातून बातमी आली. ल्यों, म्हणजे कॅरेलचंच शहर. जाँ-मिशेल द्युबेर्नार आणि ऑस्ट्रेलियाचे अर्ल ओवेन यांच्या आंतरराष्ट्रीय चमूने क्लिंट हॅलम या न्यूझीलंडच्या माणसाला मृत दात्याचा उजवा हात बसवला होता. औषधांत सुरुवातीला टी-पेशींचा साठाच खाली करणारी प्रतिपिंडं आणि मग ती तिकडी. टीका खूप झाली. काही आठवड्यांत हात जाणार असं भाकीत करणारेही होते.

आठव्या आठवड्यात हॅलमच्या नव्या हाताच्या कातडीवर रिजेक्शनची सौम्य लक्षणं दिसली. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण शस्त्रक्रियेचा दिवस नसून हा आहे.

काकांच्या किडनीत आत काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही. दर ठरावीक दिवसांनी रक्त द्यायचं, क्रिएटिनिन वाढलंय का पाहायचं. वाढलं असेल तर ओटीपोटातून सुई घालून किडनीचा तुकडा काढायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. क्रिएटिनिन वाढेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. एकदा ते ०.३ ने वाढलं होतं तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. (पाणी कमी प्यायल्यामुळे वाढलं होतं, असं नंतर निघालं.)

हाताचं तसं नाही. हातावर रिजेक्शन सुरू झालं की ते दिसतं. कातडीवर लालसर चट्टे येतात, पुरळ येतं, सूज येते. शंका आली तर पेन्सिलच्या टोकाएवढा कातडीचा तुकडा काढून तपासता येतो. आणि ज्या अवयवावर हल्ला होतोय त्याच्यावर चक्क मलम चोळता येतं. हॅलमच्या बाबतीत तेच केलं. स्टिरॉइडचा डोस वाढवला, वरून टॅक्रोलिमस आणि क्लोबेटासॉलची मलमं लावली, आणि लक्षणं गेली. किडनीला मलम लावता येत नाही!

म्हणजे ज्या कातडीमुळे हाताचं प्रत्यारोपण अशक्य मानलं गेलं होतं, तीच कातडी चुगली करून हात वाचवत होती. पहिला हल्ला तिच्यावर होतो हे खरं, पण म्हणूनच पहिली खबरही तीच देते. ल्योंच्या लोकांना हे इतकं पटलं की २००५ मध्ये आमियाँला जगातलं पहिलं अंशतः चेहऱ्याचं प्रत्यारोपण झालं, तेव्हा दात्याच्या कातडीचा एक जादा तुकडा रुग्णाच्या अंगावर दुसरीकडे लावून ठेवला गेला. बायोप्सी तिथून घ्यायची, चेहऱ्याला हात लावायचा नाही. २००७ मध्ये स्पेनमधल्या ला कोरुन्या इथे झालेल्या बँफ बैठकीत कातडीतल्या रिजेक्शनच्या पायऱ्या ठरल्या. शून्य म्हणजे काही नाही, मग रक्तवाहिन्यांभोवती थोड्या पेशी, मग जास्त, मग वरचा थरही मरू लागलेला, आणि चार म्हणजे सगळं कुजत चाललेलं.

आकडा ऐकून दचकू नका. आंतरराष्ट्रीय नोंदवहीनुसार हात बसवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना पहिल्या वर्षात किमान एकदा तरी रिजेक्शनचा झटका येतो. किडनीत हे प्रमाण आता याच्या पाव हिश्शाहूनही कमी आहे. तरीही नियमित औषधं घेणाऱ्यांचे बहुतेक हात टिकले, कारण झटका लवकर कळला आणि तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड, सोबत मलम एवढ्यावर बहुधा परतवता आला. उतरंड चुकीची नव्हती. कातडी सर्वांत जास्त भांडते हे खरंच. पण भांडण लगेच कळलं तर ते सोडवताही येतं, हा भाग उतरंडीत नव्हता.

मग हॅलमचं काय झालं? २ फेब्रुवारी २००१ ला लंडनमध्ये त्याचा तो हात कापून टाकला, तोही मूळ चमूतल्याच नादे हकीम यांनी आणि हॅलमच्याच विनंतीवरून. त्याने औषधं नीट घेणं सोडलं होतं. हात लाल झाला, सोलवटला, आणि आपलं मन या हातापासून तुटलंय असं तो सांगत होता. त्याचा जुना हात तुरुंगातल्या करवतीवर तुटला होता आणि हे त्याने डॉक्टरांपासून लपवलं होतं, हेही बाहेर आलं. त्यामुळे बहुतेक लेखांत हॅलम खलनायक असतो. मला ते पटत नाही. माणसाने १४ वर्षं एका हाताने आयुष्य काढलं होतं, दुसरा हात धडधाकट होता. अशा माणसाच्या पदरात जन्मभराच्या गोळ्या, त्यांचे दुष्परिणाम आणि महिनोन् महिने स्पर्शच नसलेला, दिसायलाही वेगळा हात पडला. अलार्म वाजला की आरतीतून उठायचं बळ त्याला कुठून येणार? त्याची निवड करताना धमन्यांचा, एचएलएचा विचार झाला, या प्रश्नाचा पुरेसा झाला नाही.

ल्योंच्या चमूने धडा घेतला असावा. जानेवारी २००० मध्ये त्यांनी दोन्ही हात गमावलेल्या एका रंगाऱ्याला एकदम दोन हात बसवले. ज्याला एकही हात नाही त्याला गोळीची किंमत वेगळी वाटते. त्याच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की हात गेल्यावर मेंदूत ज्या भागाची सरमिसळ झाली होती तो भाग हळूहळू पुन्हा हाताच्या ताब्यात आला. लुईव्हिलला जानेवारी १९९९ मध्ये वॉरन ब्रायडनबाख यांनी बसवलेला हात तर वीस वर्षांहून जास्त टिकला. तोही एकच हात होता हं, म्हणजे माझा वरचा नियम काही पक्का नाही. शेवटी माणसामाणसात फरक असतो.

कातडीची चुगली सगळंच सांगते असंही नाही. लुईव्हिलच्याच चौथ्या रुग्णाचा हात नवव्या महिन्यात गेला. कातडीवर फारसं काही नव्हतं, पण आत धमन्यांच्या भिंती जाड होत होत रक्ताचा मार्गच बंद झाला होता. तेव्हापासून नव्या हाताच्या धमन्या सोनोग्राफीने तपासायची पद्धत आली. तळहातांचा प्रकार वेगळाच. नेहमीच्या रिजेक्शनमध्ये तळहात सहसा वाचतो, पण हाताने खूप राबणाऱ्या काही रुग्णांत नेमका तळहातच लाल पडला आणि नखं बिघडली. सारख्या घासण्याने तिथली प्रतिकारयंत्रणा चाळवली जात असावी असा तर्क आहे. माझा रोजचा विषयच कातडीतल्या कायम वस्तीच्या टी-पेशी असल्यामुळे मला हे फार खरं वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा मामला.

सगळ्यांत अवघड प्रश्न याच्या पुढे आहे. किडनी, यकृत, हृदय नसेल तर माणूस मरतो. हात नसेल तर मरत नाही. टॅक्रोलिमस किडनीला त्रास देतं, मधुमेह आणू शकतं. दाबलेल्या प्रतिकारशक्तीत जंतुसंसर्ग आणि काही कॅन्सर वाढतात. आपल्याकडे क्षयरोगाची भीती वेगळी. मग निरोगी माणसाला हातासाठी हे द्यायचं का?

२०११ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पेद्रो काव्हादास यांनी एका माणसाला दोन्ही पाय बसवले, जगात पहिल्यांदा. दोन वर्षांच्या आत त्याला दुसराच आजार झाला आणि त्यासाठी प्रतिकार दाबणारी औषधं बंद करणं भाग पडलं. औषधं बंद म्हणजे पाय जाणार. दोन्ही पाय कापले. शस्त्रक्रिया फसली असं म्हणता येत नाही. जीव आणि पाय यांतून एक निवडायची वेळ आली, एवढंच. याच्या उलट टोकाला २०१५ चं फिलाडेल्फिया. आठ वर्षांच्या मुलाला दोन हात बसवले, पण त्याच्यात आधीच आईची किडनी होती. तो गोळ्या घेतच होता. हातांसाठी त्याच्यावर नव्याने फारसं ओझं पडणार नव्हतं. अशी निवड मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

म्हणून बरंच संशोधन आता चांगला हात बसवण्यापेक्षा कमी गोळ्यांत तो कसा टिकवता येईल यावर चालू आहे. उंदरांवर काम करणारे अँड्र्यू ली पुढे पिट्सबर्गला गेले. २००९ पासून तिथल्या रुग्णांना आधी टी-पेशी रिकाम्या करणारं प्रतिपिंड, मग दात्याची अस्थिमज्जा आणि नंतर तिकडीऐवजी एकटं टॅक्रोलिमस अशी पद्धत वापरली. दात्याची मज्जा देण्यामागची कल्पना १९५३ ची, पुन्हा मेडावरचीच. जन्माआधी उंदराच्या पिल्लात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी सोडल्या, तर मोठेपणी ते पिल्लू त्या जातीची कातडी बिनतक्रार स्वीकारतं, हे त्याने बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांच्यासोबत दाखवलं होतं. लहानपणी घरात वावरलेलं माणूस परकं वाटत नाही, तसं. उंदराच्या गर्भात जमलेलं ते मोठ्या माणसात जमवण्याचे प्रयत्न सत्तर वर्षं चालू आहेत.

भारतात पहिलं हाताचं प्रत्यारोपण जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात डॉ. सुब्रमण्य अय्यर यांच्या चमूने केलं, दोन्ही हातांचं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथेच पुण्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला दंडापासून दोन्ही हात मिळाले. बस अपघातात तिचे हात गेले होते. दाता केरळचा वीस वर्षांचा मुलगा. म्हणजे हात पुरुषी आणि वर्णाने तिच्याहून सावळे. पुढच्या काही वर्षांत ते बारीक होत गेले आणि रंगही उजळून तिच्या रंगाच्या जवळ आला. फोटो तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिले असतीलच. त्याचं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी दात्याच्या असल्या तरी त्यांना हुकूम देणारी संप्रेरकं आता तिची आहेत, हे एक शक्य स्पष्टीकरण. प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने मात्र ते हात तिचे झालेले नाहीत. रंग बदलला तरी गळ्यातलं कार्ड दात्याचंच राहतं, आणि गोळ्या थांबल्या तर टी-पेशी ते वाचतीलच.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना गेल्या दिवाळीत दिलं, चार वर्षं उशिरा. एका विशिष्ट रुग्णाचा डोस मला माहीत असायचं कारण नाही, पण साधारण पद्धत अशी आहे की डोस मिलिग्रॅमवर ठरत नाही, रक्तातल्या लेव्हलवर ठरतो. सुरुवातीच्या महिन्यांत ती मिलिलिटरला १० ते १५ नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात, पुढे हळूहळू ५ ते १० वर आणतात. काकांनी त्यांची फाइल काढली आणि पहिल्या वर्षीचे रिपोर्ट चाळले.

"म्हणजे माझ्यापेक्षा थोडं जास्त," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण त्यांना निदान दिसतं तरी."

मी हो म्हटलं. नऊ वाजायला पाच मिनिटं होती, ते पाणी आणायला उठले.